एका तळ्याकाठची कलाकार गावं

(गेल्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत मंडळाच्या सजावट समितीच्या तिघींनी मिळून केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय फलकावर लागला त्या संध्याकाळी दोन-तीन फोन आले. "गणपतीत हे फिलिपिन्स कुठून आणलंत?" प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर आधीच देऊन टाकतो.

मनिला हे नाव मराठी घराला नवं नाही. रॅमन मॅगसेसे पुरस्कार १९५८ साली पहिल्यांदा दिले गेले तेव्हा त्यांत विनोबा होते. पुढच्याच वर्षी चिंतामणराव देशमुख. मग जामखेडचे रजनीकांत आणि मेबल आरोळे, बाबा आमटे, पांडुरंगशास्त्री आठवले, प्रकाश आणि मंदाकिनी आमटे. ही यादी आपल्या मुलांकडून आपण सामान्यज्ञानाच्या स्पर्धेसाठी पाठ करून घेतो. म्हणजे मनिलाने आपली माणसं सहा दशकांहून अधिक काळ नावानिशी ओळखली. आपण त्यांची किती ओळखतो? आम्ही घरात विचारून पाहिलं. बहुतेकांना आठवले ते इमेल्डा मार्कोसबाईंचे बुटांचे जोड.

दुसरं कारण अगदी घरगुती आहे. गोव्यातल्या कितीतरी घरांतली मुलं जहाजावर आहेत. सुट्टीवर आली की त्यांच्या बोलण्यात फिलिपिनो सोबती असतोच. तो गातो, गिटार वाजवतो, वाढदिवसाला केबिन सजवतो. त्या सोबत्यांचं गाव कसं असेल, या कुतूहलाने आम्ही वाचायला लागलो आणि गुंतलो. तिसरं कारण आमच्या समितीचं आहे. ते शेवटी येईल.

फिलिपिन्स म्हणजे सात हजारांहून जास्त बेटं. सगळ्यांचं सांगायला बसलो तर आरती चुकेल. म्हणून आम्ही एक तळं निवडलं. मनिलाच्या आग्नेयेला 'लगुना दे बाय' नावाचं मोठं सरोवर आहे, त्या देशातलं सर्वांत मोठं. उथळ पाणी, मासेमारीच्या होड्या, आणि काठाकाठाने गावं. त्या गावांत सुतार, शिंपी, कोळी जसे असतात तसेच चित्रकार आणि कोरीवकाम करणारे असतात. म्हणजे कला शिकायला शहरात जावं लागत नाही. ती शेजारच्या ओसरीवर चाललेली असते.

काठावरच्या लुम्बान गावापासून सुरुवात करू, कारण तिथे आपल्याला चक्क आपलं पंचांग भेटतं. १९८९ साली तिथल्या नदीच्या मुखाजवळ वाळू काढताना एक ताम्रपट सापडला. आपल्याकडच्या दानपत्रांसारखाच तांब्याचा पातळ पत्रा, त्यावर बारीक अक्षरं. भाषा जुनी मलय, तिच्यात भरपूर संस्कृत शब्द. लिपी कावी, म्हणजे ब्राह्मीच्याच वंशातली. सुरुवात 'स्वस्ति' अशी, आणि पुढे तारीख: शके ८२२, वैशाख मास, कृष्णपक्ष, चतुर्थी, सोमवार. इसवी सनाप्रमाणे ९०० सालचा एप्रिल. फिलिपिन्समध्ये सापडलेला हा सर्वांत जुना तारीखवार लेख. गणपतीच्या मांडवात बसून हे ऐकताना लक्षात आलंच असेल, की कृष्ण चतुर्थी म्हणजे आपली संकष्टी. त्यांना तिचं काही व्रत असेल असं आम्ही अजिबात म्हणत नाही. पण तिथी, पक्ष, वार आणि शक मोजायची रीत तिथवर पोचली होती, एवढं त्या पत्र्यावर कोरलेलं आहे.

आणि मजकूर काय? राजाची स्तुती नाही, लढाई नाही. नामवरान नावाच्या माणसावर सोन्याचं कर्ज होतं, एक काटी आणि आठ सुवर्ण. ते माफ झालं, त्याच्या मुलाबाळांनाही आता कोणी धरायचं नाही, याची ही पावती! तो ताम्रपट आता मनिलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तो वाचून काढला आंतून पोस्तमा या डच माणसाने. त्यांचं नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

तागालोग भाषेत आजही शिक्षकाला 'गुरो' म्हणतात, चेहऱ्याला 'मुखा', आशेला 'आसा', गोष्ट रचण्याला 'कथा'. रानातल्या, डोंगरातल्या देवतेला 'दिवाता'. स्पेनने १५६५ पासून १८९८ पर्यंत तिथे राज्य केलं, जवळजवळ सगळा देश ख्रिस्ती झाला, पुढे अमेरिका आली, आणि तरी हे शब्द स्वयंपाकघरात आणि शाळेत तसेच राहिले. गोव्यात राहणाऱ्या आपल्याला याचं फार समजावून सांगायला नको.

लुम्बान आज ओळखलं जातं ते भरतकामासाठी. फिलिपिनो पुरुष लग्नाकार्यात 'बारोंग' घालतात. पारदर्शक, लांब, पँटच्या बाहेर सोडलेला सदरा. छातीवर नाजूक भरतकाम. उत्तम बारोंग अननसाच्या पानांच्या धाग्याचा. दुसऱ्या एका बेटावर, आक्लान प्रांतात, फुटक्या चिनीमातीच्या बशीच्या कडेने पान खरवडून त्यातून केसासारखा धागा काढतात, एकेक धागा हाताने गाठीने जोडतात, मग मागावर घालतात. त्या विणकामाला २०२३ साली युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. कापड तिथे विणायचं आणि भरायला लुम्बानच्या बायकांकडे यायचं. आमच्यापैकी एकीने रुमालावर तसा टाका घालून पाहिला. दोन संध्याकाळी गेल्या आणि एक पाकळी झाली.

आता अंगोनो. आमचं सर्वांत आवडतं गाव. इथे जरा रेंगाळू.

कार्लोस फ्रान्सिस्को हा या गावचा चित्रकार. जन्म १९१२, मृत्यू १९६९. सगळे त्यांना 'बोतोंग' म्हणत. भिंतभर मोठी चित्रं काढण्यात त्यांचा हात धरणारा त्या देशात नव्हता. मनिलाच्या सरकारी इस्पितळासाठी त्यांनी फिलिपिन्समधल्या वैद्यकाचा इतिहास चार मोठ्या चित्रांत काढला. मनिलाच्या नगरभवनासाठी देशाच्या लढ्याचा इतिहास काढला. दोन्ही आज राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. चित्रपटांचे देखावे आणि पोशाखही त्यांनी केले. १९५० सालचा 'चंगेझ खान' हा त्यांतलाच एक, जो पुढे व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. एवढी कामं राजधानीची, पण राहिले अंगोनोतच. त्यांच्या चित्रांतले कोळी, बायका, वाद्यं वाजवणारे हे त्यांचे शेजारीपाजारी. आपला काका राष्ट्रीय संग्रहालयाच्या भिंतीवर आहे असं सांगणारी माणसं त्या गावात असणार, आणि खरं सांगत असणार.

१९६५ साली बोतोंग बालवीरांच्या पथकाला घेऊन गावाजवळच्या डोंगरात गेले होते. तिथे एका खडकाच्या आडोशाला त्यांना भिंतीवर कोरलेल्या आकृती दिसल्या. माणसं, प्राणी, लहान मुलाने काढाव्यात तशा. मोजल्या तर १२७ भरल्या. हजारो वर्षांपूर्वीच्या. देशातली सर्वांत जुनी कला म्हणून त्यांची गणना होते, आणि सापडल्या कुणाला तर गावच्याच चित्रकाराला! कादंबरीत असं लिहिलं तर संपादक खोडून टाकेल.

मरणोत्तर १९७३ साली बोतोंग 'राष्ट्रीय कलाकार' झाले. हा तिथला सर्वोच्च कलासन्मान, १९७२ मध्ये सुरू झालेला. पहिला मिळाला शेतावरचं ऊन रंगवणाऱ्या फर्नांदो आमोर्सोलो यांना. याच अंगोनोचे संगीतकार लुसियो सान पेद्रो, बोतोंग यांचे चुलतभाऊ, तेही १९९१ साली राष्ट्रीय कलाकार झाले. त्यांची 'सा उगोय नंग दुयान' ही अंगाई तिथल्या घराघरांत आहे. नावाचा अर्थ 'पाळण्याच्या झोक्यात'. शब्द लेवी सेलेरियो यांचे. हे गृहस्थ झाडाचं पान ओठांना लावून त्यावर सूर काढत, आणि त्यासाठी गिनेस बुकात गेले. तेही पुढे राष्ट्रीय कलाकार. पान वाजवणाऱ्याला सर्वोच्च सन्मान देणारा देश आम्हाला बरा वाटतो.

अंगोनोत डोन्या औरोरा नावाचा एक रस्ता आहे. तिथल्या घरांच्या कुंपणभिंतींवर बोतोंग आणि इतरांची चित्रं सिमेंटच्या उठावात केलेली आहेत. संग्रहालयात जायला वेळ नसलेला माणूस भाजी आणता आणता ती पाहतो.

आणि आता हिगांते. २३ नोव्हेंबरला अंगोनोत संत क्लेमेंतेचं फेस्त असतं. हा कोळ्यांचा पाठीराखा संत. त्याची मूर्ती मिरवत तळ्यावर नेतात, सजवलेल्या होडीवर चढवतात आणि पाण्यातून फिरवून आणतात. पुढे हातात वल्ही आणि पायांत लाकडी खडावा घातलेल्या मुली, मागे बँड, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी लोक एकमेकांवर पाणी उडवणारे. या मिरवणुकीत दहा-बारा फूट उंचीचे पुतळे नाचत जातात, ते हिगांते. बांबूचा सांगाडा, त्यावर कापड, आणि डोकं कागदाच्या लगद्याचं. आत एक माणूस उभा असतो, तो पुतळा खांद्यावर घेऊन चालतो. बहुतेक पुतळ्यांचे हात कमरेवर.

हात कमरेवर का, याची एक गोष्ट सांगतात. स्पेनच्या काळात हे गाव एका मोठ्या जमीनदारीत होतं. मालकांनी फर्मान काढलं की वर्षाला एकच उत्सव करायचा, बाकी सगळे बंद. गावाने मान डोलावली. आणि त्या एका उत्सवात मालकाचेच पुतळे करून मिरवले, कमरेवर हात ठेवून हुकूम सोडणारे. मालकाला तक्रार करायला जागा नाही, कारण उत्सव परवानगीचाच होता! पूर्वी असे पुतळे मोजकेच असत, आई-बाप-मूल असं एखादं कुटुंब. गेल्या काही दशकांत प्रत्येक 'बरांगाय', म्हणजे प्रत्येक वाडा, आपापले हिगांते करू लागला. आता त्यांत कोळी आहेत, मास्तर आहेत, डॉक्टर आहेत.

गोव्यात हे ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दुसरं काय येणार? दिवाळीच्या आदल्या रात्रीचा नरकासुर. वाड्यावाड्यावरची पोरं महिनाभर जागून कागद चिकटवतात, आणि पहाटे त्याला जाळतात. फरक एवढाच, की आपल्याकडे त्या पोरांना 'अभ्यास सोडून काय चाललंय' हे ऐकावं लागतं, आणि अंगोनोत त्याच कामामुळे गावाचं नाव देशभर झालं.

सरोवराच्या पूर्वेच्या काठावर पाएते. 'पाएत' म्हणजे पटाशी. गावाचं नावच हत्याराचं. घरोघर लाकूड कोरणारे. बातिकुलिंग नावाचं मऊ, पिवळसर लाकूड वापरतात. तीनशे वर्षं त्यांनी चर्चसाठी संत कोरले. २००५ साली सरकारने या गावाला कोरीवकामाची राजधानी म्हणून जाहीर केलं. पण आमचं लक्ष वेधलं ते त्यांच्या 'ताका'ने. हे कागदाचं काम, आणि मूर्तिकामाशी संबंध असलेल्या कुणालाही ते समजेल. आधी लाकडाचा साचा कोरतात, घोडा, कोंबडा, बाई. त्यावर खळ लावलेल्या कागदाचे थर एकावर एक चढवतात. उन्हात वाळवतात. मग कापून साच्यावरून काढतात, चिरा पुन्हा कागदाने सांधतात आणि रंगवतात. लाल घोडा सर्वांत लोकप्रिय. घोडा हलका, मुलाच्या हातातून पडला तरी शाबूत. साचा मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. आज्याने कोरलेल्या साच्यावरून नातू घोडा काढू शकतो.

पाएतेचं सगळं छानच चाललंय असं नाही. २०११ साली देशभर नैसर्गिक जंगलात तोड करण्यावर बंदी आली. जंगलासाठी ती हवीच होती, पण कोरणाऱ्याला लाकूड मिळणं अवघड झालं. आणि ज्यांचा हात चांगला त्यांना बाहेर मागणी. पाएतेचे कितीतरी कारागीर आज प्रवासी जहाजांवर आणि हॉटेलांत बर्फ कोरतात. मेजवानीच्या टेबलावर बर्फाचा हंस उभा असतो ना, तो बहुधा अशाच एखाद्या हाताचा. बापाने कोरलेला संत दोनशे वर्षं राहणार, मुलाने कोरलेला हंस जेवण उरकेपर्यंत. पगार मात्र हंसाला जास्त. आपल्या घरातलं एखादं मूल जहाजावर असेल तर त्याला विचारून बघा, त्याने असा कोरणारा पाहिला असेल. आम्ही विचारलं तेव्हा एकाने लगेच हो म्हटलं, आणि वर सांगितलं की तो माणूस रिकाम्या वेळात कलिंगडावर कॅप्टनचा चेहरा कोरतो.

तळं सोडून थोडं डोंगराकडे गेलं की लुकबान. १५ मे, संत इसिद्रोचा दिवस. हा शेतकऱ्यांचा संत. त्या दिवशी मिरवणुकीच्या वाटेवरच्या प्रत्येक घराचा दर्शनी भाग शेतमालाने मढवतात. भाताच्या लोंब्या, भोपळे, मिरच्या, केळीचे घड, वाल. याला 'पाहियास' म्हणतात. आणि या सगळ्यात झुलत असतात 'किपिंग'. तांदूळ वाटून, रंग घालून, ते पीठ झाडाच्या खऱ्या पानावर पातळ पसरायचं, वाफवायचं आणि अलगद सोडवून वाळवायचं. पानाच्या शिरा पापडीवर उमटतात. लाल, हिरवी, पिवळी, उन्हात काचेसारखी. शेकडो पापड्या ओवून त्यांची झुंबरं करतात. फेण्या आणि सांडगे घालणाऱ्या बायकांना हे ऐकून हात शिवशिवले तर नवल नाही. उत्सव झाला की भाज्या-फळं वाटून टाकतात, किपिंग तळून खातात. दुसऱ्या दिवशी भिंत रिकामी.

मिरवणुकीची वाट दर वर्षी बदलते. त्यामुळे कुठल्याच गल्लीची मक्तेदारी होत नाही. यंदा आपल्या दारावरून जाणार म्हटलं की घरचे कामाला लागतात. ही साधी युक्ती आम्हाला फार शहाणपणाची वाटली.

आता सांगा, पाहियास पाहिल्यावर माटोळी आठवणार नाही असा गोंयकार कोण? आपण मूळचे सांगलीचे असू नाहीतर साताऱ्याचे, पण तीन-चार पिढ्या इथे राहिल्यावर गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला नारळाची पेण, सुपाऱ्यांचे घड, आंबाडे, करमलं, तोरंजनं, फागलं, घागऱ्या, कांगलं, कवंडळं बांधल्याशिवाय आपल्यालाही चतुर्थी झाली असं वाटत नाही. रानातली प्रत्येक वस्तू एकदा देवापुढे यायला हवी, हा तिचा अर्थ. लुकबानचा शेतकरी दुसऱ्या देवापुढे तेच करतो.

कंदिलाचं थोडक्यात सांगतो, कारण हे चित्र तुमच्या ओळखीचं आहे. नाताळचा 'पारोल' म्हणजे बांबूच्या कामट्यांचा पाच टोकांचा तारा, त्यावर पतंगी कागद, खाली दोन शेपट्या. आपला आकाशकंदीलच. सप्टेंबर लागला की तिथे नाताळचे वेध लागतात. आपला बाप्पा येतो त्याच सुमाराला त्यांचे पहिले पारोल टांगले जातात. १६ डिसेंबरपासून नऊ दिवस पहाटे अंधारात प्रार्थनेला जातात, आणि बाहेर पडल्यावर नारळाचं दूध घातलेला, खाली-वर निखारे ठेवून भाजलेला तांदळाचा केक खातात. त्याचं नाव बिबिंका. हसू नका, खरंच तेच नाव आहे.

मनिलाच्या उत्तरेला सान फर्नांदो शहरात हे पारोल वीस फुटी होतात. हजारो दिवे, आणि ते बँडच्या तालावर नाचतात. आम्हाला वाटलं संगणक असणार. मूळ पद्धतीत एक लोखंडी पिंप असतं. त्यावर ठरावीक जागी चिकटपट्टी लावायची. पिंपाला टेकलेल्या असतात केसांच्या पिना, प्रत्येक पिनेला एका ओळीच्या दिव्यांची वायर. पिंप हाताने फिरवलं की पिन लोखंडावर आली तर दिवे पेटतात, पट्टीवर आली तर विझतात. नक्षी म्हणजे पट्ट्यांची मांडणी! महागडे पारोल 'कापिस' शिंपल्यांचे करतात. पारदर्शक, अभ्रकासारखे चपटे शिंपले. ते बघायला मनिलाला जायला नको. जुन्या गोव्याच्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी जी शिंपल्यांची तावदानं आहेत, तोच हा शिंपला. चिखलीच्या खाडीत तो आजही जिवंत आहे आणि कायद्याने संरक्षित आहे.

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला तिकडे येतो.

१९९२ साली फिलिपिन्सने एक कायदा केला. राष्ट्रीय कलाकार हा सन्मान चित्रकार, संगीतकार, लेखक यांच्यासाठी होता. पण डोंगरात विणणारी बाई, बांबूवर कविता कोरणारा शेतकरी, भोपळ्याची टोपी करणारा कारागीर, यांचं काय? त्यांच्यासाठी नवा सन्मान निघाला, 'गावाद सा मान्लिलिखा नंग बायान'. त्यातला 'लिखा' म्हणजे निर्माण करणं, आणि त्याचं नातं संस्कृत 'लेखा'शी लावतात. सन्मानात पदक आहे, दरमहा मानधन आहे. आणि एक अट आहे. ज्याला तो मिळेल त्याने आपली विद्या दुसऱ्यांना दिलेली असली पाहिजे आणि पुढेही दिली पाहिजे.

पहिल्या तुकडीत, १९९३ साली, मिंदोरो बेटावरचे गिनाव बिलोग होते. हानुनुओ मांग्यान जमातीचे. या लोकांची स्वतःची लिपी आहे, तीही ब्राह्मीच्याच घराण्यातली, आणि सुरीच्या टोकाने हिरव्या बांबूवर ती कोरतात. त्यांच्या कवितेला 'आंबाहान' म्हणतात. प्रत्येक ओळ सात अक्षरांची, शेवटी यमक. आई मुलाला समजावते ती आंबाहानमधून, पाहुणा जेवण मागतो तो आंबाहानमधून, मुलगा मुलीला मागणी घालतो तोही. जात्यावरच्या ओवीत आपल्या आज्या जे बोलल्या तेच हे, फक्त बांबूवर. आंतून पोस्तमा, ताम्रपट वाचणारे तेच, आयुष्याचा मोठा काळ या लोकांत राहिले आणि त्यांनी हजारो आंबाहान उतरवून घेतले. जुनी अक्षरं वाचणारा माणूस आणि जिवंत अक्षरं ऐकणारा माणूस एकच होता, याचं आम्हाला अप्रूप वाटलं.

१९९८ साली हा सन्मान लांग दुलाय यांना मिळाला. दक्षिणेत लेक सेबूजवळच्या टबोली जमातीच्या. बारा वर्षांच्या असताना आईकडून विणायला शिकल्या. केळीच्या जातीचं आबाका नावाचं झाड असतं, त्याच्या सोपटाचा धागा. विणण्याआधी धाग्यांना गाठी मारून रंगवायचं, पटोळ्यात किंवा पोचमपल्लीत करतात तसं. रंग तीनच, काळा, तांबडा आणि धाग्याचा मूळ पांढरा. कापड झालं की कवडीने घासून त्याला चकाकी आणतात. नक्षी कागदावर काढत नाहीत. ती स्वप्नात येते असं मानतात. लांगबाईंना शंभरच्या आसपास नक्ष्या येत होत्या, सगळ्या डोक्यात. २०१५ मध्ये त्या गेल्या. पण त्याआधी त्यांनी गावातल्या मुलींना, सुनांना, नातींना मागावर बसवलं होतं. शंभरांतल्या किती पुढे गेल्या असतील ते त्या मुलींच्या बोटांना ठाऊक. एकही गेली नसती, तर ती स्वप्नं त्यांच्याबरोबरच संपली असती.

उत्तरेकडच्या डोंगरात बुस्कालान गावी वांग-ओद आजी गोंदण करतात. लिंबाच्या जातीच्या झाडाचा काटा, काजळी आणि बांबूची छोटी काठी. २०२३ साली त्या १०६ वर्षांच्या असताना 'व्होग'च्या फिलिपिन्स आवृत्तीच्या मुखपृष्ठावर आल्या. त्यांना मूल नाही. ही विद्या रक्ताच्या नात्याबाहेर द्यायची नाही अशी रीत, म्हणून त्यांनी भावंडांच्या नातींना शिकवलं. आता परदेशी पाहुण्यांची रांग लागते, आणि गोंदण पवित्र की फॅशन यावर तिथे वादही होतात. होऊ देत. वाद घालायला ती कला शिल्लक तरी आहे.

मंडळी, आमचं तिसरं कारण आता सांगतो. आपल्या मंडळाची माटोळी जे काका गेली कित्येक वर्षं बांधतात ते आता पंच्याहत्तरी ओलांडून गेले. शिडीवर चढू नका असं आम्ही दर वर्षी सांगतो आणि ते दर वर्षी चढतात. गेल्या वर्षी आम्ही वही घेऊन त्यांच्या शेजारी बसलो. त्यांनी शंभरच्या वर वस्तूंची नावं सांगितली, कुठली कुठल्या डोंगरावर मिळते, कुठली आधी बांधायची, कुठलं फळ तिसऱ्या दिवशी गळतं म्हणून कडेला ठेवायचं. आमच्यापैकी कुणालाही त्यांतली पंचवीससुद्धा ओळखता आली नाहीत. आमच्या मुलांना सात. आणि त्याच वर्षी आपलं मखर शहरातून तयार आलं, दोन तासांत उभं राहिलं, सगळ्यांनी सेल्फी काढले. छान होतं. कोणी केलं ते कुणालाच माहीत नव्हतं.

तयार मखर आणू नका असं सांगायला आम्ही उभ्या नाही. सगळे नोकरी करतात, सुट्ट्या मिळत नाहीत, हे आम्हाला कळतं, आम्हीही त्यांतल्याच. पण अंगोनो काही रिकामटेकड्यांचं गाव नाही. तिथला कोळी रात्री तळ्यावर जातो आणि दिवसा हिगांतेचं डोकं चिकटवतो. तो हे करतो, कारण त्याच्या वाड्याचा पुतळा दुसऱ्या वाड्यापेक्षा उंच व्हायला हवा. म्हणजे चक्क ईर्षेने. आपल्या मंडळात ईर्षेची कमतरता आहे असं आजवर कुणी म्हटलेलं नाही.

कार्यकारिणीपुढे आम्ही दोन गोष्टी ठेवल्या आणि त्यांनी होकार दिला. एक, काकांना या वर्षी शाल-श्रीफळ द्यायचंच, पण त्याबरोबर चार मुलं द्यायची, जी पुढच्या चतुर्थीआधी त्यांच्याबरोबर रानात जातील, माटोळीच्या बाजारात त्या वस्तू विकायला बसणाऱ्या बायकांशी बोलतील आणि वही पुरी करतील. काकांनी अट घातली आहे की मुलांनी मोबाइल घरी ठेवून यायचं. त्यावर वाटाघाटी चालू आहेत. दोन, स्मरणिकेत जाहिरातदारांच्या नावांआधी एक पान असेल, मूर्ती कुणी घडवली, माटोळी कुणी बांधली, रांगोळी कुणी काढली, नैवेद्य कुणी रांधला. नावं पूर्ण, आडनावासकट. 'महिला मंडळाच्या सौजन्याने' असं लिहिलेलं चालणार नाही.

मुलांची नावं नोंदवायला दाराशी टेबल ठेवलं आहे. वयाची अट नाही. पन्नाशीच्या मुलांनीही यावं. विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी नऊ वाजता मागच्या पडवीत आकाशकंदिलाचं काम सुरू करू, एक आपल्या घडणीचा आणि एक पाच टोकांचा पारोल. कामट्या आणि पतंगी कागद आम्ही आणतो, खळ इथेच शिजवू. कात्री आणि जुनी वर्तमानपत्रं ज्याची त्याने आणावीत.